वेंडेलचा विक्रम

जानेवारीत सॅन सिमियनच्या समुद्रकिनारी वाळूवर हत्ती सील हे अजस्र समुद्री प्राणी पसरलेले असतात आणि कठड्याशी निळ्या जाकिटात उभ्या असलेल्या आम्हा म्हाताऱ्या स्वयंसेवकांना दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न येतो, ‘‘तो मेलाय का?’’

मेलेला नसतो. झोपेत हे प्राणी दहा-दहा मिनिटं श्वासच घेत नाहीत. सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी गळ्यात सेकंदाचं घड्याळ अडकवते. श्वास थांबला की ते चालू करायचं आणि पाहुण्यांना मोजायला लावायचं. नाकातून फुर्र झालं की टाळ्या!

माझा सोबती स्वयंसेवक वेंडेलही तसाच झोपायचा. सोळा वर्षं आम्ही एकत्र उभे राहिलो. दुपारी सँडविच खाऊन तो बाकावर घोरायचा, मध्येच घोरणं बंद पडायचं आणि अर्ध्या मिनिटाने फुर्र. आम्ही त्याचंही मोजायचो. विक्रम एक्केचाळीस सेकंदांचा.

‘‘लोर्ना, लाज वाटू दे जरा. म्हाताऱ्याचा तमाशा मांडलायस.’’

‘‘तिकीट लावत नाही, हे नशीब समज!’’

शनिवारी गर्दी होती. एका बाईने बाकाकडे बोट दाखवलं. ‘‘ते गृहस्थ हलत नाहीयेत हो.’’

‘‘तो आमचा सर्वांत जुना नर!’’ म्हणत मी घड्याळ चालू केलं. लोक खदाखदा हसले, मोठमोठ्याने मोजू लागले. एक्केचाळीसला टाळ्या पडल्या. साठला मी ओरडले, ‘‘नवा विक्रम!’’

नव्वदला ती बाई म्हणाली, ‘‘त्यांचे ओठ निळे दिसताहेत.’’

‘‘वारा गार आहे ना,’’ मी म्हणाले. मी! माझ्याच तोंडाने!

मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. धावले. वेंडेलचा खांदा हलवला, तर मान एका बाजूला कलंडली.

गर्दीतून एक नर्स पुढे आली. तिने त्याला जमिनीवर आडवं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली.

‘‘श्वास थांबून किती वेळ झाला? कुणाला अंदाज आहे?’’

सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते.

‘‘दोन मिनिटं बावन्न सेकंद,’’ मी म्हणाले.

तिचे हात चालूच राहिले, पण तिने मान वर करून आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रुग्णवाहिका आली तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती. वेंडेल गेला होता. ते घड्याळ मला बंद करता आलं नाही.