पेटीवरचा दिवा

डोंगरकड्याच्या ज्ञानबा धनगराला लहानपणापासून फेफरं यायचं. लग्न झाल्यापासून त्याची राखण सिंधूबाईकडं होती. त्याची नजर जराशी थिजली, की ती मेंढरं सोडून धावायची आणि तो पडायच्या आत त्याचं डोकं मांडीवर घ्यायची. सिंधूवाचून ज्ञानबाचं पान हलत न्हाई, असं गावच्या बायका म्हणायच्या. ते ऐकून तिला बरं वाटायचं.

चौऱ्याहत्तर साली कळमनुरीला परदेशात शिकलेले एक डॉक्टर आले. त्यांच्याकडं एक यंत्र होतं. डोक्याला तारा चिकटवून त्याच्या पेटीसमोर बसायचं. मेंदू निवांत झाला की पेटीवरचा दिवा लागायचा. दिवा लावायची सवय मेंदूला जडली तर फेफरं कमी होईल, पण गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांचं सांगणं.

तारा लावायला पद्माबाई नावाची नर्स होती. ती ज्ञानबाचे केस बोटांनी बाजूला सारून तारा चिकटवायचा लेप लावायची, तेव्हा बाकावर बसलेल्या सिंधूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुष्कळ खेपा झाल्यावर एकदाचा दिवा लागला. पद्माबाई हसली, ज्ञानबाही हसला. घरी तो असा कधी हसला होता, हे सिंधूबाईला आठवेना.

मग एक दिवस माळावर त्याची नजर थिजली. ती धावली. पण तो काठीला धरून उभा राहिला, डोळे मिटून लांब श्वास घेत राहिला, आणि आलेलं फेफरं तसंच ओसरलं. तिचे पसरलेले हात रिकामेच राहिले.

"कोणाला आठवून राहिले व्हते?" तिनं विचारलं.

"कोणालाच न्हाई. मेंढरं पाणी पिऊन बसल्यावर कसं निवांत असतं, तसं."

"अन् मी?"

"तू बी न्हाई," तो भोळेपणानं म्हणाला.

त्याच्या मनात ती नर्स नव्हती, एवढं बरं झालं. पण आपणही नव्हतो, हे तिला जास्त लागलं. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

पुढच्या खेपेला तिनं पद्माबाईपुढं हात केला. "ती वाटी मला द्या. नवरा माझा हाये."

पद्माबाईनं तिच्याकडं पाहिलं, लेपाची वाटी दिली आणि जागा दाखवल्या. सिंधूबाईनं एकेक तार चिकटवली अन् ती तिथंच त्याला खेटून उभी राहिली. ज्ञानबानं डोळे मिटले. दिवा काही केल्या लागेना.

"सिंधे, जरा मागं सर," तो हळूच म्हणाला. "तू जवळ असली की ध्यान तुझ्याकडंच जाऊन राहिलं."

ती भिंतीपाशी गेली. दिवा लागला, पण तिनं तो पाहिलाच नाही. तोंडाला पदर लावून ती हसत होती.