स्पीकरवरची मतं

सगळ्या बायका समाधानी आहेत, असं एखादा अहवाल सांगायला लागला की माझं डोकं सणकतं. आणि या वेळी तो अहवाल माझाच होता.

डीमन या डच गावातल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये ऋषभनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जेवणाचं टेबल बळकावलं होतं. त्याचं आयटीचं ऑफिस तिथं भरायचं, माझं विद्यापीठ बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर. तिथं बसून मी उत्तर घानातल्या एका गावाची लोकशाही तपासत होते. हसू नका, करोनात सगळ्यांचं असंच चाललं होतं. त्या गावात पूर्वी झाडाखाली उघडी सभा भरायची आणि बायका तिथं दणकून बोलायच्या. सभा बंद झाल्यावर गावसमिती फोनवरून मतं विचारायला लागली. लोकांना हे पटलं असेल तर हीच पद्धत कायम करू, असं जिल्हा कार्यालयाचं म्हणणं होतं. पटलं की नाही, ते आमच्या विद्यापीठाच्या प्रकल्पानं सांगायचं होतं.

आमची तिथली सहकारी अबिबा. तिलाही गावात जाता येत नव्हतं, म्हणून ती शहरातल्या आपल्या घरातून एकेका बाईला फोन लावायची. मी इकडून ऐकायचे, ती मला अर्थ सांगायची. पाण्याच्या पंपाचं विचारा, शाळेचं विचारा, फोनवरच्या सभेचं विचारा, उत्तर एकच: सगळं छान आहे.

"सगळं छान कसं असेल गं?" मी वैतागले. "पंप बंद पडलाय, असं तूच म्हणालीस ना?"

"मलाही कळत नाहीये," अबिबा म्हणाली. "सभेत याच बायका मला तोंड उघडू द्यायच्या नाहीत."

प्रकल्पप्रमुख सास्कियाला मात्र आकडे फार आवडले. "शुक्रवारी अहवाल जाऊ दे. डेटा चांगला आलाय म्हणून कुणी रडतं का, मंजूषा?" डच माणसं तोंडावर बोलतात, त्याचं मला एरवी कौतुक आहे. त्या दिवशी नव्हतं.

दुपारी पुण्याला फोन लावला. आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. आई स्वयंपाक करता करता बोलते आणि बाबा मधूनमधून दुरुस्त्या सुचवतात.

"लस घेतलीस का गं आई?"

"घेऊ की. काय घाई आहे? सगळं छान चाललंय." मागून बाबांचा हुंकार आला.

तेवढ्यात बेल वाजली. भाजीवाला आला होता. बाबा मास्क शोधत खाली गेले आणि आईचा आवाज एकदम जवळ आला. तिनं फोन कानाला लावला होता.

"ऐक, मला लस घ्यायचीय," ती भराभर म्हणाली. "कोपऱ्यावरच्या शाळेतच देतायत. पण हे नको म्हणतात. व्हॉट्सॲपवर काहीबाही वाचतात आणि मी विषय काढला की अबोला धरतात. मला भीती वाटते गं मंजू, झोप लागत नाही. आले हे." आणि त्याच दमात, "हो ना, तिकडे भेंडी चांगली मिळते का?"

"इथल्या सुरिनामी भारतीयांच्या दुकानात मिळते," मी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडले. स्वतःच्या लेकीला भीती सांगायला आई भाजीवाल्याची वाट बघत होती.

मग मी तडक अबिबाला फोन लावला. "आपण ज्यांच्याशी बोलतो, त्यांचे फोन कुणाचे असतात?"

"घरचे. म्हणजे नवऱ्यांचे. तेच उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. मंजूषा, माझी आईसुद्धा तशीच बोलते की!"

दोघी शिकल्यासवरल्या, आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं. शुक्रवारचा अहवाल मी अडवला. सास्कियाशी कडाक्याचं वाजलं. शेवटी तिनं कपाळाला आठ्या घालून मुदत वाढवून आणली, हे मात्र कबूल करायला हवं.

प्रवासाची बंदी उठल्यावर अबिबा गावात गेली. पंप बंद, म्हणून बायका लांबच्या विहिरीवर रांगेत उभ्या असायच्या. तिथं नवरे नसतात. तिनं पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या एकमेकींचं वाक्य तोडत बोलत होत्या. फोनवरची सभा म्हणजे नवऱ्यांचीच सभा, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, झाडाखाली जागा काय कमी आहे? लांब लांब बसू. मी इस्त्रीच्या टेबलावर अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ऋषभ मीटिंग सोडून बघायला आला.

अहवाल नव्यानं लिहिला आणि झाडाखालची सभा परत सुरू झाली. पहिल्या सभेला मला ऐकू यावं म्हणून अबिबानं फोन हातात धरून ठेवला होता. मेमुना नावाची बाई उभी राहिली आणि म्हणाली, आधी पंप. मग इतकी शांतता पसरली की मला वाटलं, फोन कट झाला. शेवटी समितीचे अध्यक्ष खाकरले. "बरं. आधी पंप."

दुसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेलेले असताना मी हे सगळं आईला सांगितलं.

"तिचा नवरा होता तिथं?" आईनं विचारलं.

"समोरच बसला होता, अबिबानं सांगितलं."

"मग?"

"मग काय? सभा संपली, दोघं घरी गेली. पंप दुरुस्त होतोय."

तिकडे दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला. "आले हे," ती म्हणाली. मी भेंडीवर बोलायच्या तयारीत होते.

"ठेवू नकोस," आई म्हणाली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला. "अहो, जरा बसा इथं. मला मंजूसमोरच बोलायचंय."