हाडांचा शिक्का

बुधवारची डॉक्टरीण रांग बाजूला सारत माझ्या खिडकीपाशी आली आणि केसपेपरांचा गठ्ठा तिने फळीवर आपटला. प्रत्येक कागदावर मी मारलेला शिक्का होता, हाडांच्या विभागाचा.

"यातल्या निम्म्या लोकांना ऑपरेशनवाल्याची गरजच नाहीये," ती म्हणाली. "कंबर धरली, मान धरली, त्यांना खाली फिजिओकडे पाठवा. आणि ज्यांची बोटं सकाळी तास-तासभर उघडत नाहीत, त्यांना माझ्याकडे. कुठं दुखतं ते विचारता ना? मग केव्हा दुखतं तेही विचारत जा."

मी म्हटलं, "मॅडम, माझ्यासमोर रोज दीडशे माणसं असतात. मी शिक्के मारते, मुलाखती घेत नाही."

रांगेतले दोघे-तिघे हसले. ती लाल झाली. जाताना एका चिठ्ठीवर तोच प्रश्न लिहून माझ्या पुढ्यात ठेवून गेली. मी ती खणात टाकून दिली.

बावीस वर्षं मी ही खिडकी सांभाळते आहे. छातीत दुखलं की मेडिसिन, डोळ्यांत काही गेलं की डोळे आणि सांध्याचं काहीही असो, हाडं. हाडांच्या डॉक्टरांचा दबदबाच तसा होता. त्यांच्या दारासमोर उभं राहायला जागा नसे आणि त्यांना ते आवडायचंही. ही बाई आठवड्यातून एकदा कोपऱ्यातल्या खोलीत बसायची. बाहेर दोन बाक, तेही रिकामे. संधिवाताची म्हणे वेगळी डॉक्टर. हिला पेशंट मिळत नाहीत म्हणून ही माझ्यावर डाफरते, असा सरळ हिशेब मी मांडला होता.

घरीही माझं तेच चाललं होतं. आम्ही दोघी जावा, स्वयंपाकघर एकच. धाकटी रफू करायची. महागाच्या कोटांना, शालींना पडलेली भोकं ती अशी बुजवायची की मालकालाही जागा सापडत नसे. घरभर तिचं कौतुक. पण सकाळी डबे भरायची वेळ झाली की ही हात मांडीत घेऊन बसलेली. म्हणे बोटं मिटत नाहीत. अकराच्या सुमाराला मी कामाच्या जागेवरून फोन केला, तर सासूबाई सांगणार की ती सुई घेऊन बसली आहे.

मी एकदा सगळ्यांसमोर बोलले, "कमाल आहे बाई तुझ्या बोटांची. डब्याच्या वेळेला आखडतात, सुईच्या वेळेला बरोब्बर सुटतात."

दीर ताटावरून उठून गेले. त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं, तेही भिंतीकडे बघून.

तरी मी तिला दवाखान्यात नेलं. कुणी मला बोल लावायला नको, म्हणून. रांगेशिवाय आत सोडलं, शिक्का मारला, हाडांचा. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड चांगलं आहे म्हणाले, दुखण्याच्या गोळ्या आणि गरम पाण्याचा शेक सांगितला. मी घरी येऊन सासूबाईंना मुद्दाम मोठ्याने सांगितलं की फोटोत काही नाही. दोन वर्षांत ती पाच-सहा वेळा आली असेल. दर वेळी मीच शिक्का मारला. दर वेळी त्याच गोळ्या.

मग मी मुलीच्या परीक्षेसाठी आठवडाभर रजा घेतली. खिडकीवर एक नवीन मुलगी बसवली होती. तिला खणात ती चिठ्ठी सापडली आणि ती बिचारी इमानदारीत प्रत्येकाला प्रश्न विचारत बसली. त्याच बुधवारी धाकटी गोळ्या संपल्या म्हणून एकटीच गेली. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, हिने खरं ते सांगितलं. कागद कोपऱ्यातल्या खोलीत गेला.

रजा संपल्यावरच्या बुधवारी मला त्या खोलीत बोलावणं आलं. धाकटी खुर्चीवर बसली होती, तपासणीचे कागद आलेले होते. तिचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले. रोज ताटावर दिसणारे ते हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांची मुळं सुजलेली आणि चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली.

डॉक्टरणीने तिलाच विचारलं, "दोन वर्षं हाडांकडे कुणी पाठवलं तुम्हाला?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "केसपेपर करणाऱ्या बाईंनी," ती म्हणाली.

डॉक्टरीण माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "औषध आजपासून सुरू करू. आहे तेवढं राखता येईल. वाकलं ते सरळ होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर हे हात वाचले असते."

मी हाडांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं नाही? ते म्हणाले, तुम्ही पाठवता म्हणून आम्ही बघतो. माझ्या तोंडावर कुणीतरी मारल्यासारखं झालं. पण खोटं कुठे होतं त्यात? दोष त्यांचाही होता, हे मी आजही म्हणते. पण घरात राहून रोज सकाळी ते हात समोर असताना टोमणे मारणारी मी होते.

मी तिची माफी मागितली, स्वयंपाकघरातच. ती म्हणाली, "डबे भरून झाले का तुमचे?" आणि बाहेर गेली. कोट आणि शाली तिने ज्याच्या त्याला परत केल्या.

आता ते औषध रक्त तपासून दर महिन्याला मिळतं आणि त्याच्या वहीत माझ्या खिडकीवर सही करावी लागते. पहिल्या महिन्यात ती सकाळी नऊलाच आली. मी मान बाहेर काढून तिला बाजूने यायची खूण केली. ती रांगेतून हलली नाही. पुढे अठरा माणसं होती, ती सगळी होऊ दिली.

तिची पाळी आली. हल्ली मी सगळ्यांना विचारते, तसं तिलाही विचारलं, सकाळी किती वेळ आखडतं?

"दीड तास, मॅडम," ती म्हणाली.

मी वही फिरवून पेन पुढे केलं. तिने ते बोटांत धरायचा प्रयत्न केला. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. मागची माणसं बघत होती. तिने पेन वहीवर नीट ठेवलं, शाईचं पॅड आपल्याकडे ओढलं आणि डावा अंगठा त्यात दाबला. मी तिचं मनगट धरायला हात पुढे केला, तर तिने तो कोपराने बाजूला सारला. अंगठा तिने एकटीने उमटवला.

अंगठा कुणाचा ते शेजारी कारकुनाने लिहायचं, असा नियम आहे. मी तिचं पूर्ण नाव लिहिलं, आमचं दोघींचं एकच आडनाव लिहिलं आणि खाली माझी सही केली. तोवर ती काळा अंगठा तसाच घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली होती.