बेचाळीस मापांचा आळ

मी एक जुना, पत्र्याचा, लिटरभर मापाचा डबा आहे. मित्रांनो, माझ्यावर चोरीचा आळ आला होता. तोही चारचौघांत, म्हणून मीही आता चारचौघांतच बोलणार आहे.

पत्रेवाल्याने मला घडवलं तेव्हा पाणी भरून तपासलं होतं. माप तपासणाऱ्या साहेबांनी माझ्या काठाजवळ शिक्का ठोकला आणि मी एका धान्याच्या दुकानात रुजू झालो. दुकान एका बाईंचं. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणते. कितीतरी वर्षं मी त्यांच्या हातात होतो. डाळ, तांदूळ, वाटाणे, सगळं माझ्यातून गेलं. मग काउंटरवर विजेचा काटा आला आणि मी फळीवर गेलो. पोटात किल्ल्या, तुटकी पेनं आणि चष्म्याची एक काडी! तो अपमान मी गिळला, पण हा गिळणार नाही.

आत्यांची भाची स्पीकर दुरुस्त करते. तिने स्वतः प्लायवूड कापून सबवूफरचं खोकं बनवलं. स्पीकरच्या कागदावर लिहिलं होतं की खोक्याच्या आत चाळीस लिटर जागा हवी, नाहीतर आवाज बिघडतो. आत आधाराच्या पट्ट्या, कोपऱ्यांत ठोकळे. टेप लावून, त्यांची वजाबाकी करून उत्तर चाळीस आलं होतं. तरी खात्री हवी म्हणून ती खोकं घेऊन दुकानात आली.

"आत्या, वाटाण्याचं पोतं दे ना. खोक्यात भरून मोजते आणि परत काढून देते."

"दे म्हणे! सांडलेस तर एकेक वेचायला लावीन," आत्या म्हणाल्या.

किल्ल्या ओतून तिने मला उचललं. किती वर्षांनी काम मिळालं होतं! स्पीकरच्या गोल भोकातून ती माप ओतत गेली. चाळीस झाली तरी खोकं भरेना. ते बेचाळीसला भरलं.

तिने पुन्हा टेप लावला. चाळीसच. मग तिने मला उलटं केलं. माझं बूड आत दबलेलं आहे, ते मी नाकारत नाही.

"आत्या, हा डबा खोटा आहे! लिटरमागे पन्नास मिली कमी भरतो. इतकी वर्षं तू यानेच मोजत होतीस?"

शेजारचे शिंपीकाका डाळ घ्यायला उभे होते. "म्हणजे आम्हाला कमीच मिळत होतं की काय?" असं ते हसत म्हणाले, पण काउंटरवरची पिशवी त्यांनी काढून घेतली. आत्यांचा चेहरा उतरला. उद्या हे गल्लीभर होणार होतं.

मित्रांनो, माझा पत्रा तापला! हा पोचा पाडला कोणी? हिनेच! चार वर्षांची असताना हिने मला उंबऱ्यावर पालथं घातलं आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने बडव बडव बडवलं. धम, धम, धम! धमधमाटाची आवड हिची, आणि खोटा मी?

"ओत सगळे बाहेर," आत्या म्हणाल्या. "आता मी मोजते."

त्यांनी मला भरलं, तळहाताने सपाट केलं आणि खोक्यात ओतलं. लगेच त्यांचा हात आपसूक पोत्यात गेला आणि वर एक मूठ पडली. "एक." पुन्हा माप, पुन्हा मूठ. "दोन." चाळीस म्हणाल्या तेव्हा वाटाणे भोकाच्या काठाशी आले होते.

"ही मूठ कशाला?" भाचीने विचारलं.

"पोचा पडला त्या दिवसापासून घालते. नवं माप आणू आणू म्हणता काटाच आला."

शिंपीकाका खाली बघत म्हणाले, "मला वाटायचं, ती मूठ फक्त मलाच घालता."

"सगळ्यांना तसंच वाटायचं," आत्या म्हणाल्या. पिशवी गुपचूप काउंटरवर परत आली.

"पण पोचा पडला कसा गं?" भाचीने विचारलं.

आता सांगतील, म्हणून मी कान टवकारला. मला कान एकच आहे, धरायचा. आत्या सांडलेले वाटाणे वेचत म्हणाल्या, "माझ्याच हातून पडला."

असा संताप झाला माझा! भाचीने माझी साधी माफीही मागितली नाही. उलट किल्ल्या पुन्हा माझ्या पोटात टाकल्या.

आता खोकं वरच्या खोलीत वाजतं आणि छान वाजतं. धम झालं की फळीवर माझ्या किल्ल्या खुळखुळतात. आत्या छताकडे बघून हसतात आणि माझ्यावर हात ठेवून त्या थांबवतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, मापाला खोटं म्हणण्याआधी ते ज्या हातात होतं, तो हात बघा. आणि घरातल्या भांड्यांवर बत्ता मारू नका. मारलात, तर निदान लक्षात तरी ठेवा.