देवकाबाईचा पितळी गंज

मित्रांनो, म्हाताऱ्या भांड्यानं कोपऱ्यात गुपचूप बसावं, अशी रीत आहे. मी एक जुना पितळी गंज, म्हणजे रुंद तोंडाचं पातेलं, आहे खरा. पण मी रागावलो आहे, आणि का रागावलो ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

माझा जन्म आदिलाबादकडच्या निर्मल गावी एका कासाराच्या घरी झाला. ठोकून ठोकून त्यानं मला आकार दिला, रुंद काठ काढला, काठावर बसेल अशी भोकाभोकांची चाळणी केली आणि वर घट्ट झाकण दिलं. देवकाबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. तिच्यासोबत मी नार्नूरजवळच्या या गावी आलो. घर माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्यांचं. तिचा नवरा उद्धवराव वांगी-मिरची पिकवायचा आणि धाकटा दीर बाबाराव ती बाजारात नेऊन विकायचा.

एरवी मी दूध तापवलं, भात शिजवला. पण माझा खरा मानाचा दिवस नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून देवकाबाई पुरणाचे दिंड करायची. कणकेची पातळ पारी लाटून मध्ये पुरण ठेवायची, चारी बाजूंनी अशी घडी घालायची की इवलीशी उशीच वाटावी. माझ्या पोटात पाणी, वर चाळणी, चाळणीवर ओलं फडकं, फडक्यावर दिंड. झाकणाच्या फटीतून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास निघाला की ओसरीवरची माणसं आपसूक आत सरकायची.

पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, बाबारावाच्या घरचे दिंड म्हणजे दिंड! बाबाराव मिशीतल्या मिशीत हसायचा. देवकाबाई तेव्हा चुलीजवळ असायची. सगळ्यांचं उरकलं की फुटलेले, कडेला चिकटलेले दिंड तिच्या ताटात पडायचे. मी हे दर वर्षी पाहिलं. मला तोंड एवढं मोठं, पण बोलायला जीभ नाही.

पुढे घरात कुकर आला, हलकी भांडी आली. मला माळ्यावर चढवलं. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवट डाग पडले. एकदा रुख्मिणी, म्हणजे बाबारावाची बायको, मला मोडीत घालायला निघाली होती. देवकाबाईनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. श्रावण जवळ आला की ती स्वतः मला पिशवीत घालून उटनूरला न्यायची आणि कल्हई करून आणायची. लेकरू तिला झालं नाही; मला मात्र ती लेकरासारखं चिंचेनं घासायची.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात उद्धवराव वारला. घरातलं सगळं कामकाज तसंच चाललं. भाकरी देवकाबाईच थापायची, गोठाही तीच झाडायची. तिच्या हातचं कोणाला काही बाधलं नाही. मग नागपंचमी आली. बाबारावानं आदिलाबादचे व्यापारी जेवायला बोलावले होते. सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि भिंतीकडं पाहत बोलला.

"वैनी, दिंड तुमीच करा. पण नागोबाच्या निवदाले हात नोका लावू. अन् पाव्हण्यायच्या समोर येऊ नका."

देवकाबाईचा पुरण वाटणारा हात थांबला.

"काऊन?"

"लोक नावं ठेवतेत."

"भाऊजी, हात कोणता नोको लावू? पुरण वाटून राह्यला तो, का निवद ठेवते तो? मले त एकच हात दिसते."

बाबाराव पाहुण्यांसाठी पाट मांडायला निघून गेला. रुख्मिणी खाली मान घालून डाळ निवडत राहिली. माझ्याखाली जाळ होता, पोटात पाणी खदखदत होतं. त्या दिवशी ते नुसतं जाळानं खदखदत होतं असं मला वाटत नाही.

नैवेद्याचे दिंड बाबारावाच्या नव्या सुनेनं, रुपानं, वेगळे करायचे ठरले. बिचारीनं कधी केले नव्हते. तिचे दिंड वाफेत फुटले आणि पुरण फडक्यावर पसरलं. बाबारावानं ते पाहिलं. मग त्यानं काय करावं? देवकाबाईच्या दिंडांतले चांगले चांगले उचलून नैवेद्याच्या ताटात घातले आणि रुपाला बजावलं की कोणी विचारलं तर आपणच केले म्हणून सांगायचं! म्हणजे बाईचे कष्ट सोवळे आणि बाई तेवढी ओवळी. वारुळापुढे ते ताट ठेवलं. नागोबानं काही तोंड फिरवलं नाही.

पाहुण्यांची पंगत माजघरात बसली. मीही तिथेच भिंतीकडेला होतो, उरलेले दिंड पोटाशी गरम धरून. एका पाहुण्यानं दुसऱ्यांदा मागून घेतले आणि कोणाच्या हातचे म्हणून विचारलं. बाबाराव म्हणाला, आमच्या सुनेच्या.

रुपा तूप वाढत होती. ती वाढता वाढताच बोलली.

"माया हातचे नोहोत, मामाजी. माये त फुटले. हे मोठ्या सासूबाईनं केले. निवदाचेही त्याइचेच होते."

एका पाहुण्यानं घास ताटात परत ठेवला. दुसऱ्यानं मात्र खाणं सोडलं नाही. बाबारावाचा चेहरा लालबुंद झाला.

तेवढ्यात देवकाबाई आतून आली. हातात तिचं रिकामं ताट होतं. ती कोणाकडं न पाहता पंगतीच्या टोकाला बसली, माझं झाकण काढलं, अख्खा, न फुटलेला दिंड वाढून घेतला आणि खायला लागली. मग रुख्मिणी उठली. आयुष्यभर नवऱ्यापुढे ब्र न काढणारी ती बाई. तिनं रुपाच्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं आणि जावेच्या दिंडावर धार धरली.

"सावकाश जेवा, बाई," एवढंच ती म्हणाली.

रुपाला त्या दिवशी खूप बोलणी खावी लागली. बाबारावानं देवकाबाईची माफी मागितली नाही, अजूनही नाही. यंदाच्या नागपंचमीला दोघी जावा नि सून मिळून वारुळावर गेल्या, ताट देवकाबाईच्या हातात होतं. बाबाराव सकाळीच बाजाराला निघून गेला. आला तो बरोबर जेवायच्या वेळेला, आणि दिंड काही कमी खाल्ले नाहीत त्यानं.

मित्रांनो, मला घासा, कल्हई करा, मी तुमच्या नातवंडांनाही वाफवून घालीन. पण माझी निगा नंतर. आधी एवढं करा, ताटात गरम घास पडला की चुलीकडं मान वळवा आणि विचारा, तू जेवलीस का? ती जेवली नसेल, तर सरकून तिला जागा द्या. आणि तेवढंही जमत नसेल, तर तिच्या हातच्या चवीचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका.