दांड्याची पूजा

दसऱ्याच्या सकाळी महाडच्या भातगिरणीचा बॉयलर फुटला आणि त्याच्यापुढे आग घालणारा सहदेव जागच्या जागी गेला. चौकशीला मुंबईहून बॉयलर तपासणारे साहेब आले. त्यांचा मदतनीस मुरारी हा सहदेवचा धाकटा भाऊ. 'तू यात पडू नकोस,' असं साहेबांनी त्याला बजावलं होतं. तरी ढिगाऱ्यातून सेफ्टीचा दांडा मुरारीनेच उपसून काढला. दांड्याच्या टोकाला तांबडं फडकं करकचून बांधलेलं होतं आणि फडक्यात नांगराचा फाळ होता. त्यांच्याच घरचा.

पाहताक्षणी त्याला सगळं कळलं. वाफेचा दाब बेताबाहेर गेला की हा दांडा उचलला जातो आणि वाफ बाहेर सुटते. टोकाला एवढं वजन लटकल्यावर तो उचलणार कसा?

मुंबईत शिकून मुरारीला ही नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच सुट्टीत त्याने गिरणीत उभं राहून भावाला आणि मैनावहिनीला समजावलं होतं. "दादा, दाबाचा काटा एखादे वेळी खोटं बोलेल. हा दांडा बोलणार नाही. हाच तुला राखतो. याला कधी हात लावू नकोस."

सहदेव हसला होता. "म्हंजे गिरणीतला देवच की रे हा! दक्षिणा किती द्यायची, सायबा?"

मैना हसली नव्हती. तिने दांड्याला हात जोडले होते.

म्हणून खंडेनवमीला, घरोघर अवजारं पुजतात तेव्हा, तिने घरातलं सर्वांत जुनं अवजार नेऊन त्या दांड्याला बांधलं. दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळासाठी भिजवलेलं भात आंबायला लागलं, त्यामुळे आग लवकर पेटवावी लागली. उत्तरपूजा व्हायची होती. तोवर पूजेला हात लावायचा नसतो, आणि दांड्याला तर कधीच नाही. सहदेवने दोन्ही पाळलं.

साहेबांपासून मुरारीने काही लपवलं नाही. मैनाला मात्र सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. तिचं कपाळ पुसलं गेलं होतं, हात उघडे झाले होते. त्यावर आणखी हे कशाला?

तेरावं झालं. साहेबांनी त्याला पोलादपूरची गिरणी तपासायला सांगितलं, पहिल्यांदाच एकट्याला. तिथे मैनाचा धाकटा भाऊ महिपत आग घालत असे. मुरारी निघताना मैना पुढे आली. तिच्या हातात घरातला दुसरा फाळ होता, पहिल्यापेक्षा जड.

"भावजी, आमची पूजा कमी पडली म्हणून तो कोपला. महिपतच्या दांड्याला ह्यो बांधा. माझ्या कपाळी आता कुंकू नाय, माझ्या हातचं चालायचं नाय."

मुरारीने फाळ घेतला. वाटेत सावित्री नदीत टाकून देता आला असता. पण बहिणीच्या शब्दाखातर महिपतने दुसरं काही बांधलं असतं, आणि कारण सांगितल्याशिवाय तो ऐकणार नव्हता. आणि महिपतला कळलं की आज ना उद्या हिलाही कळणार, ते कुणाच्या तोंडून याचा भरवसा नाही.

"वहिनी, तो कोपला नाही. त्याला वर उचलता आलं नाही. टोकाला वजन होतं."

मैनाने त्याच्या हातातल्या फाळाकडे पाहिलं.

"मी बांधलेलं?"

"हो."

"तुमी तर म्हणालात, तो राखतो."

"राखतो. मोकळा असला तर. तेवढंच सांगायचं राहिलं माझ्याकडून. दादालाही ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याने सोडलं असतं."

मैना उंबऱ्यावर बसली.

"त्या सकाळी भाकर द्यायला गेले तवा इचारलं त्यांनी," ती म्हणाली. "दांडा लई वझ्याखाली दिसतोय, सोडू का गो? मी म्हणलं, पूजा मोडायची नाय."

मुरारीने फाळ खाली ठेवला. तिच्या शेजारी बसावं की निघावं, हे त्याला कळेना.

"निघा तुमी," मैनाच म्हणाली. "आणि महिपतला माझं नाव घेऊन सांगा. नुसत्या तुमच्या सांगण्यावर तो ऐकायचा नाय."