कोरा बिल्ला

थोरलीचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि तापायलाच हवं होतं. एक्स-रे विभागात तिच्या हाताखालची धाकटी चार महिन्यांची गरोदर. मला यंत्राजवळून हलवा, म्हणत बिचारीने साहेबांकडे तीनदा खेटे घातले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आली.

आज थोरली स्वतःच गेली. "साहेब, यंत्राच्या खोलीच्या दारातला शिशाचा पत्रा घसरलाय. चार बोटं फट पडलीय."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "बाई, रिपोर्ट बघा. तिच्या बिल्ल्यावर शून्य. तुमच्याही. आणि किरणांचं काय घेऊन बसलात? दगडात आहेत, मातीत आहेत, आकाशातून येतात, केळ्यातसुद्धा असतात."

"केळं दिवसातून साठ वेळा बटण दाबून सुरू करावं लागत नाही, साहेब."

"शून्य म्हणजे शून्य."

ती तणतणत परतली. रोज साठ माणसांची हाडं बघायची, दाराला फट, आणि म्हणे शून्य. कुणाला शेंड्या लावतोय हा माणूस?

दोघींच्या छातीवरचे किरण मोजणारे बिल्ले दर तीन महिन्यांनी तपासायला जात. सोबत एक कोरा बिल्ला जाई. तो कुणी लावायचा नाही. यंत्रापासून लांब, ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. दगडमातीचे, आकाशातले जे किरण सगळ्यांनाच लागतात, तेवढेच त्याच्यावर उमटणार. तो आकडा प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करायचा, उरेल ते यंत्राचं.

आणि तो कोरा बिल्ला कुठे होता? दाराशेजारी, खिळ्यावर, बरोब्बर फटीसमोर. यंत्रातून गळेल ते रोज त्याच्यावरही पडत होतं, आणि निसर्गाच्या नावावर दोघींच्या आकड्यातून वजा होत होतं.

"हा इथे टांगणाऱ्याने अक्कल गहाण ठेवली होती का?" थोरली कडाडली. "असल्या माणसाला कामावर ठेवतं कोण?"

धाकटीने मान खाली घातली. "ताई, तुम्हीच टांगलात. दोन वर्षांपूर्वी. पाठवताना दरवेळी कपाटात राहून जातो म्हणून."

खिळासुद्धा थोरलीनेच ठोकला होता.

मग तिने बिल्ला काढला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटला. "तुमचं शून्य खोटं आहे. ते मी केलंय."

सगळं ऐकल्यावर साहेबांचा आवाज मऊ झाला. "मग उगाच कशाला उकरून काढता? लेखी गेलं तर तुमच्याच नोकरीवर येईल."

"लेखीच देते. पत्रा तुम्ही बघितला नाहीत, तेही त्यात लिहिते. दाराला आत्ता कुलूप घालतेय. अडवून बघा."

बाहेर रांगेतल्या लोकांची कुरकुर सुरू झाली. तिने कुणाकडे न बघता कुलूप घातलं आणि धाकटीला म्हणाली, "घरी जा. त्या खोलीत परत पाऊल टाकायचं नाहीस."

धाकटी जागची हलली नाही. तिचा हात पोटावर होता.

"ताई, किती लागले असतील?"

"माहीत नाही गं," थोरली म्हणाली. "माझ्यामुळे माहीत नाही."